वाजवून विकावी अशी सायकल

बाजारात आपण मडके वाजवून घेतो. वापरलेली कार्बनची शर्यतीची सायकल विकतानाही तसेच करावे. पोलादी सायकल आपटली की नळी वाकते; दोष डोळ्यांना दिसतो. कार्बनच्या फ्रेममध्ये मात्र ५ ते ७ मायक्रॉन जाडीचे तंतू रेझिनने थरावर थर चिकटवलेले असतात. जोराच्या धक्क्याने आतले थर सुटतात, तरी वरचा रंग शाबूत राहू शकतो. नाण्याने हलके ठोकल्यास धड जागी टणक आवाज येतो, थर सुटलेल्या जागी बद्द. मात्र नळीची जाडी बदलली तरी आवाज बदलतो. म्हणून शंका आल्यास श्राव्यातीत ध्वनीने तपासणी करून घ्यावी. सायकल पूर्वी पडली असेल, तर ते आपणच आधी सांगावे. उतारावर फ्रेम तुटली, तर बेतते ती घेणाऱ्याच्या जिवावर.