हात, जीभ आणि १३ उच्चार

नाशिकच्या पंचवटीतल्या एका वेदपाठशाळेत सकाळची संथा चालू आहे. आवाज गल्लीपर्यंत येतो, पण आत गेल्यावर लक्ष वेधून घेतात ते हात. मुले शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेची. उदात्ताला उजवा हात वर चढतो, अनुदात्ताला खाली येतो. स्वर चुकला तर तो आधी हातावर दिसतो.

संथेची रीत साधी: गुरुजींनी एकदा म्हणायचे, मुलांनी दोनदा.

दुसऱ्या रांगेतला दहाएक वर्षांचा मुलगा मध्येच अडला. त्याने डोळे मिटले, ओठ न हलवता मागच्या पदापासून हात पुन्हा फिरवला आणि हात खाली येता येता अडलेला शब्द तोंडातून बाहेर पडला. गुरुजी तोवर गप्प होते. शब्द पुरवायची घाई न करणारा असा शिक्षक मिळणे हे त्या मुलाचे भाग्यच.

मोठी मुले घनपाठ म्हणतात. पहिले-दुसरे पद, मग दुसरे-पहिले, मग पहिले-दुसरे-तिसरे, तिसरे-दुसरे-पहिले आणि पुन्हा सरळ. गुरुजी बोटांच्या पेरांवर मोजून दाखवतात: तीन पदांचे १३ उच्चार. मग एक पद पुढे सरकायचे की पुन्हा १३. क्रम उलटला की संधी बदलतात, स्वर बदलतात, त्यामुळे नुसत्या लयीवर रेटून नेता येत नाही. एखादे अक्षर गळले तर या उलटसुलट फेऱ्यांत ते लपत नाही. चाळीस अध्यायांची संहिता पिढ्यान्‌पिढ्या कागदावाचून टिकली ती अशी.

याच शाखेच्या २१ पंडितांच्या मेंदूंचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. इतरांच्या तुलनेत त्यांच्या मेंदूच्या अनेक भागांत करड्या द्रव्याचे प्रमाण जास्त आढळले. हा फरक पाठांतरानेच पडला, असे एवढ्या तुलनेवरून म्हणता येत नाही. मोठ्याने म्हटलेले शब्द मनातल्या मनात वाचलेल्यांपेक्षा जास्त लक्षात राहतात, हे मात्र कॅनडातल्या कॉलिन मॅक्लाउड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रयोगांतून दाखवले.

मुलांना मंत्रांचा अर्थ फार उशिरा कळतो, ही इथली मोठी उणीव. तरीही याला घोकंपट्टी म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे. खरी घोकंपट्टी होते ती हाताची घडी घालून, तोंड मिटून, परीक्षेच्या आदल्या रात्री. आपल्या अभ्यासिकांत ‘शांतता राखा’ची पाटी असते, ती असू द्यावी, पण उठून चार पावले फिरत, हातवारे करत, मोठ्याने म्हणता येईल अशी एक खोलीही तिथे हवी.