दोन इंचांवर एक ठिपका

शिकागोत मिशिगन सरोवराच्या काठावर मॅकॉर्मिक प्लेस हे अवाढव्य प्रदर्शन-केंद्र आहे. त्यातली लेकसाइड सेंटर ही १९७१ सालची इमारत म्हणजे सरोवराकडे तोंड करून उभी असलेली काचेची लांबच लांब भिंत. ५ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी त्या भिंतीच्या पायथ्याशी पक्ष्यांचा अक्षरशः सडा पडला होता. एका इमारतीखाली, एका सकाळी, हजाराच्या जवळपास मेलेले पक्षी. बहुतेक सगळे वॉर्बलर, म्हणजे आपल्या वटवट्याएवढे, दहा-बारा ग्रॅमचे जीव. उन्हाळा उत्तरेत काढून ते दक्षिणेला निघाले होते. कित्येक दिवस अडून राहिलेला उत्तरेचा वारा त्या रात्री सुटला आणि खोळंबलेले थवे एकदम आकाशात उठले. पहाटेच्या पावसाने त्यांना खाली दाबले. खाली काच होती.

हे मृत्यू मोजणारा माणूस तिथे आधीपासून होता, हे या गोष्टीतले विशेष. इमारतीपासून जेमतेम दीड किलोमीटरवर फील्ड म्युझियम आहे. तिथल्या पक्षिसंग्रहाची व्यवस्था पाहणारे डेव्हिड विलर्ड यांनी १९७८ मध्ये कोणाकडून तरी ऐकले, की मॅकॉर्मिक प्लेसवर पक्षी आपटतात. खरे-खोटे पाहायला ते एका सकाळी गेले आणि दोन-चार मेलेले पक्षी उचलून घेऊन आले. मग दर हंगामात जातच राहिले. या एका इमारतीखाली वेचलेल्या पक्ष्यांचा आकडा चाळीस हजारांच्या पुढे गेला. शहरात इतरत्र आपटून मेलेले पक्षीही संग्रहालयात येत आणि आलेला प्रत्येक पक्षी विलर्ड स्वतः मोजत. पायाचे हाड, पंखाची लांबी, वजन, सगळे वहीत हाताने टिपलेले. त्या नोंदींवरून २०१९ मध्ये एक शोधनिबंध निघाला : ५२ जाती, ७०,७१६ पक्षी. चार दशकांत पायाचे हाड सरासरी २.४ टक्के आखूड झाले आणि पंख १.३ टक्के लांब. तापत्या हवेत पक्ष्यांचा आकार लहान होत चालल्याचा इतका भक्कम पुरावा क्वचितच मिळाला असेल. पण तो हाती यायला सत्तर हजार पक्ष्यांना जीव गमवावा लागला.

पक्ष्याला काच कळत नाही, याचा दोष त्याच्या डोळ्यांना देता येत नाही. काचेत झाड दिसले की त्याच्या लेखी ते झाडच. दोन बाजूंनी काच असलेल्या कोपऱ्यातून पलीकडचे आकाश दिसले की ती वाट. आपल्याकडे शिंजीर मोटरसायकलच्या आरशातल्या स्वतःशी तासन् तास भांडत बसतो, ते याच कारणाने. त्याला तो दुसरा नर वाटतो. आरशावर चोच आपटून फारसे बिघडत नाही, पूर्ण वेगाने काचेवर आदळले तर मेंदूत रक्तस्राव होतो. अमेरिकेत इमारतींवर आपटून दर वर्षी ३६.५ कोटी ते ९८.८ कोटी पक्षी मरतात, असा २०१४ मधल्या अभ्यासाचा अंदाज आहे. गगनचुंबी इमारतींचा यातला वाटा अगदी थोडा. बहुतेक मृत्यू घरे आणि मध्यम उंचीच्या इमारतींवर होतात, कारण झाडे असतात त्याच उंचीवर पक्षी वावरतात.

उपाय कोणता चालतो, हे ठरवायची पद्धतही पाहण्यासारखी आहे. पेनसिल्व्हेनियात पाउडरमिल या केंद्रावर एक अंधारा बोगदा आहे. पक्ष्याला एका टोकाला सोडतात. समोर दोन काचा : एक कोरी, एक नक्षीची. तो कोणत्या काचेकडे झेपावतो, ते टिपून घेतात. काचेच्या अलीकडे जाळे असल्याने पक्ष्याला इजा होत नाही. त्यावरून काचेला धोक्याचा गुण मिळतो, जितका कमी तितके चांगले. खिडकीवर ससाण्याचे एकच चित्र चिकटवून उपयोग नसतो, पक्षी त्याला वळसा घालून शेजारच्या कोऱ्या काचेवर येतो. खुणा बाहेरच्या अंगाला हव्यात आणि दोन खुणांमध्ये दोन इंचांहून जास्त मोकळी जागा नको.

न्यूयॉर्कने हे सरळ बांधकामाच्या कायद्यात घातले. डिसेंबर २०१९ मध्ये नगर परिषदेने कायदा केला आणि जानेवारी २०२१ पासूनच्या नव्या बांधकामांना तो लागू झाला. जमिनीपासून ७५ फुटांपर्यंत बाहेरच्या आवरणाचा ९० टक्के भाग पक्ष्यांना सुरक्षित हवा. गच्चीवर बाग केली असेल, तर तिला लागून असलेली काचही बारा फुटांपर्यंत तशीच हवी. टोरांटोने तर २०१० पासूनच नव्या इमारतींना असे निकष लावले होते.

विरोध झाला नाही असे नाही. विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहराने २०२० मध्ये दहा हजार चौरस फुटांवरच्या इमारतींसाठी असा नियम केला, तेव्हा विकासकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. बांधकामाचे नियम राज्याचे, शहराला वेगळी अट घालता येत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. २०२२ मध्ये निकाल शहराच्या बाजूने लागला आणि २०२३ मध्ये अपिलातही टिकला. विकासकांची खर्चाची काळजी खोटी नाही, पण नकाशा कागदावर असताना काच बदलणे आणि उभ्या इमारतीची काच झाकणे यांत फार फरक आहे. तो मॅकॉर्मिक प्लेसला कळला. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथल्या सुमारे १,२०,००० चौरस फूट काचेवर ठिपक्यांची फिल्म चढवली, खर्च १२ लाख डॉलर. दर दोन इंचांवर एक बारीक ठिपका, रांगोळीच्या कागदाने उमटवावा तसा. आतून सरोवर पूर्वीसारखेच दिसते. त्या शरद ऋतूत मृत्यू सुमारे ९५ टक्क्यांनी घटले. पन्नास वर्षांचा प्रश्न एका उन्हाळ्यात सुटला, म्हणजे तो पन्नास वर्षे सोडवता येत होता.

आपल्याकडे पावसाच्या तोंडावर नवरंग येतो. तो रात्री प्रवास करतो आणि मुंबईसारख्या शहरात गॅलरीत, जिन्यात दमून पडलेला सापडतो. वांद्रे-कुर्ला संकुलापासून हिंजवडीपर्यंत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत, पण त्यांच्या पायथ्याशी रोज सकाळी वही घेऊन फिरणारे विलर्ड आपल्याला हवे आहेत. ऊर्जा संवर्धनाच्या संहितेने काचेला भिंतीच्या ४० टक्क्यांची मर्यादा घातली, ती उष्णतेसाठी. मुंबईच्या २०३४ च्या विकास नियंत्रण नियमावलीत आणि राज्याच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीत पहिल्या पाच-सहा मजल्यांच्या काचेबद्दल एक कलम घालणे महापालिकांना आणि नगरविकास खात्याला अवघड नाही. वास्तुविशारदांनी ते आधी मागावे.

नियमाची वाट पाहावी लागत नाही अशीही एक गोष्ट आहे. ज्या खिडकीवर पक्षी आपटतो, तिच्या बाहेरच्या बाजूला ओल्या साबणाने किंवा पोस्टर कलरने दर दोन इंचांवर ठिपके काढा. आपटून पडलेला पक्षी दिसला, तर त्याच्या चोचीत पाणी ओतू नका. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा. तासाभरात तो सावरला तर झाडांजवळ नेऊन सोडा, नाही सावरला तर वन विभागाला किंवा जवळच्या पक्षिमित्राला कळवा. आणि तारीख, वेळ, खिडकीची दिशा लिहून ठेवा.