अंगणातली वाफगाडी

अहिल्यानगरहून जाणारा दौंड-मनमाड मार्ग 1878 साली सुरू झाला. हा ब्रॉडगेज मार्ग. दोन रुळांमधलं अंतर 1676 मिलिमीटर. हौशी कारागीर अंगणात रूळ टाकतात, त्यांतलं एक लोकप्रिय माप 127 मिलिमीटर, म्हणजे पाच इंच. साधारण तेरापट लहान! तरीही त्यावरचं इंजिन खऱ्या कोळशावर पेटतं आणि माणसांना ओढतं.

पुण्यात कोथरूडच्या जोशी रेल्वे संग्रहालयात छोट्या गाड्या विजेवर धावतात. वाफेचं प्रकरण जरा अवघड.

लांबी तेरापट घटवली की पृष्ठभाग 169 पट घटतो, घनफळ मात्र 2197 पट. म्हणजे पाण्याच्या मानाने बॉयलरचा पृष्ठभाग तेरापट जास्त, आणि उष्णता भराभर निसटते. आगनळ्याही, म्हणजे आगीचे गरम वायू बॉयलरमधून नेणाऱ्या नळ्या, त्याच प्रमाणात बारीक केल्या, तर काजळीने तुंबतील. म्हणून त्या संख्येने कमी आणि प्रमाणाने जाड ठेवतात. बॉयलर बहुधा तांब्याचा. तांब्यातून उष्णता झटपट वाहते.

नवा बॉयलर पेटवण्याआधी थंड पाण्याने काठोकाठ भरून नेहमीच्या दुप्पट दाबावर तपासतात. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा उकलला तरी स्फोट होत नाही, फक्त गळती दिसते. या छंदात उतरणाऱ्याने ही चाचणी कधीही टाळू नये.