‘बलुतं’ कोणत्या कपाटात ठेवायचं?

मागच्या आठवड्यात जिंतूरच्या कोर्टातून बाहेर पडत होतो, तोच वस्तीतला एम.ए. करणारा तरुण वही घेऊन पुढे आला. “जयभीम वकीलसाहेब, पेपर जवळ आलाय. वयात येणाऱ्या मुलाच्या कादंबरीचं तंत्र तेवढं समजावून सांगा.” मी वही चाळली. ‘कोसला’ आणि ‘शाळा’साठी निवेदन, भाषा, काळ अशी पानेच्या पाने. ‘बलुतं’चे टिपण मात्र वेगळ्याच भागात, ‘दलित आत्मकथने’ या मथळ्याखाली. आणि त्यात पुन्हापुन्हा दोनच शब्द: दाहक वास्तव.

माझा आक्षेप इथेच आहे. १९६३ साली आलेल्या ‘कोसला’चे मोठेपण मी नाकारत नाही. पांडुरंग सांगवीकर स्वतःच बोलतो, मध्येच डायरी लिहितो, इतिहासकारांची टिंगल करतो आणि लहान बहीण मनी देवीच्या रोगाने जाते तेव्हा सगळे हसू थिजते. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’त (२००४) नववीतला मुकुंद जोशी टोळक्याच्या भाषेत बोलतो, बाहेरची आणीबाणी त्याला अर्धीमुर्धी कळते, वाचकाला पूर्ण. हे तंत्र आहे, कबूल. पण भालचंद्र नेमाडे खानदेशातील सांगवीचे आणि त्यांचा पांडुरंगही सांगवीचाच! तरी ती कादंबरी ठरली. मग दगडूने आपले बालपण सांगितले की ती नुसती जबानी कशी होते?

१९७८ चे ‘बलुतं’ उघडून बघा. तिथे दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला ऐकवतो. माणूस एकच, पण महारवाड्यात आणि मुंबईच्या कावाखान्यात वाढलेला पोरगा वेगळा आणि शिकून पांढरपेशा झालेला लेखक वेगळा. आपल्याच दगडूला हा शिकलेला माणूस टाळतो की काय, ही बोच त्या मांडणीतूनच येते. नुसते ‘मी’ लिहिले असते तर ती आली नसती. शिकून नोकरीला लागलेल्या आपल्यापैकी किती जणांनी आपला दगडू गावाकडे ठेवून दिला आहे?

आमच्या मराठवाड्यातले प्र. ई. सोनकांबळे घ्या. ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) मधला पोरका मुलगा बहिणीच्या आसऱ्याने राहतो, भूक सोसत शिकतो आणि बाबासाहेबांच्या मिलिंद महाविद्यालयापर्यंत पोचतो. सलग कथानक नाही, सुट्या आठवणी आहेत. ज्या मुलाला उद्याची भाकर ठाऊक नाही, त्याचे आयुष्य सलग सांगायचे तरी कसे? ऊर्मिला पवारांनी ‘आयदान’मध्ये आईच्या बांबूच्या विणकामाचेच नाव पुस्तकाला दिले, त्यावर तर स्वतंत्र लेख व्हावा.

कोर्टात साक्षीदाराला विचारतात, घडले काय? लेखकाला विचारायचे असते, हे असेच का सांगितले? आमच्या पुस्तकांना हा दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही. दोष फक्त प्रस्थापित समीक्षकांचा नाही. जयंतीच्या सभेत आपणही त्यातले अत्याचार मोजतो, टाळ्या घेतो आणि पुस्तक मिटतो. मीही हेच करत आलो.

त्या तरुणाला माझी ‘बलुतं’ची प्रत दिली आणि तेच प्रश्न तिला लावून उत्तर लिही म्हणालो. जाताना त्याने हळूच विचारले, “पण साहेब, असं लिहिलं तर मार्क पडतील का?” येत्या रविवारी विहारात तो उत्तर वाचून दाखवणार आहे. पोरांच्या आईबापांनीही यावे.