काळ्या रानातली भूछत्रं: ओळख आणि जतन

भूछत्रं म्हटली की कोकण नाहीतर मेळघाट डोळ्यांसमोर येतो. पण परभणी जिल्ह्यातल्या ताडकळससारख्या काळ्या रानातही पाऊस लागून राहिला की बांधावर, उकिरड्याजवळ, वारुळाच्या अंगाला ती उगवतातच. शेतात जाणाऱ्याला ती सगळी सारखीच दिसतात, अन् घोळ तिथंच होतो.

नमुना उपटायचा नाही. खुरप्यानं आजूबाजूची माती सैल करून बुडासकट काढायचा, कारण अर्धी ओळख जमिनीखाली असते. वारुळावरच्या अळंबीचा, म्हणजे टर्मिटोमायसिसचा, देठ मुळासारखा खोल उतरत वाळवीनं जोपासलेल्या बुरशीला जाऊन भिडतो. अमॅनिटा या गटातल्या कित्येक जातींच्या बुडाशी पिशवीसारखं आवरण असतं, आणि त्यातल्या काही जाती जीवघेण्या आहेत. वरच्यावर तोडलं तर हे दोन्ही पुरावे रानातच राहतात.

काढण्याआधी जागेवरच फोटो घ्यावा. टोपीचा रंग, वास, देठावर कडं आहे का, कापल्यावर गराचा रंग बदलतो का, शेजारी कोणतं झाड आहे, हे तिथंच वहीत उतरवावं. वाळल्यावर रंग उडतो, वास जातो, टोपी आक्रसते. प्लॅस्टिकच्या पिशवीत नमुन्याला पाणी सुटून तो सडतो. वर्तमानपत्राची पुडी बरी.

घरी आल्यावर पहिलं काम बीजाणूंचा छाप घेण्याचं. टोपी देठापासून कापून, पापुद्रे खाली करून कागदावर ठेवायची. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा असावा, म्हणजे फिका छापही दिसतो. वर वाटी पालथी घालून रात्रभर हलवायचं नाही. सकाळी पापुद्र्यांची नक्षी भुकटीत उमटलेली असते. क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस हे गवतात उगवणारं मोठं, खवलेदार भूछत्र कोवळं असताना पापुद्र्यांनी पांढरंशुभ्र असतं, पण त्याचा छाप हिरवट पडतो. ते खाल्लं तर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. टर्मिटोमायसिसचा छाप गुलाबीसर. तरी गुलाबी छाप म्हणजे खाण्याचा परवाना नव्हे. एन्टोलोमाचाही छाप गुलाबीच, आणि त्यात विषारी जाती आहेत. किड्यांनी कुरतडलंय म्हणजे चालतं, चांदी काळी पडली नाही म्हणजे चालतं, या कसोट्या साफ खोट्या.

मग वाळवण. आषाढातल्या उन्हाचा भरवसा नाही, आणि चुलीवर धरलं तर नमुना शिजतो. खोक्यात बल्ब लावून वर जाळी ठेवावी, हवा खेळती राहावी आणि उष्णता 40 ते 50 अंश सेल्सिअसच्या आत असावी. मोठी टोपी उभी चिरून घ्यावी. वाकवल्यावर पापडासारखी कटकन मोडली की झालं. लवचिक राहिली तर पाकिटात बुरशी धरणार. वनस्पतींसारखं दाबून सपाट मात्र करू नये.

वाळलेला नमुना सिलिका जेलच्या पुडीसोबत हवाबंद डब्यात ठेवावा. त्याआधी आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवला तर आतल्या अळ्या मरतात. नाहीतर चांगल्या वाळवलेल्या नमुन्याचाही भुगा होतो. चिठ्ठीवर नमुन्याचा क्रमांक, गाव, तारीख, जागा, गोळा करणाऱ्याचं नाव हवंच.

जातीपर्यंतची ओळख सूक्ष्मदर्शकाखाली, आणि आता डीएनएवरूनही, पक्की होते. त्यासाठी परभणीच्या कृषी विद्यापीठातला वनस्पती रोगशास्त्र विभाग जवळचा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत कवकशास्त्रज्ञ अजरेकर यांच्या नावाचा बुरशींचा संग्रह आहे. नमुना कुठंही पाठवा, पण आधी विचारून घ्या, आणि छापाचा कागद वेगळ्या पाकिटात, त्याच क्रमांकानं द्या.