पिसवांची जात ओळखतांना

कापसाची गांठ आणि प्लेगची गांठ यांत केवळ नांवाचें साम्य आहे, असें आपणांस वाटेल. परंतु आमच्या धामणगांवसारख्या रेल्वेवरील बाजारपेठेंत या दोहोंना जोडणारा दुवा असूं शकतो. तो म्हणजे पिसू. कापूस व धान्य यांच्याबरोबर उंदीर प्रवास करतो, आणि उंदराच्या अंगावरून पिसू.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला आणि पुढें देशांत पसरला. उंदरावरील पिसू तो पसरविते, हें फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनीं १८९८ सालीं कराचीस दाखविलें. तरी एक कोडें उरलें. उंदीर व पिसवा सर्वत्र असतांना प्लेगनें मुंबई-पुण्यास झोडपलें. मद्रासेस मात्र त्याचा जोर कां चालला नाहीं?

उत्तर पिसवांच्या जातींत सांपडलें. ज्यांना सर्वजण एकच समजत, त्यांत दोन निराळ्या जाती होत्या : चिओपिस आणि ॲस्टिया. ॲस्टियाचें स्वतंत्र वर्णन १९११ सालीं झालें. मद्रास व कोलंबो येथील उंदरांवर हीच जात फार, आणि प्लेग पसरविण्यांत ती दुबळी, असें पुढें कोलंबोच्या डॉ. हर्स्ट यांनीं दाखवून दिलें. चिओपिसच्या जठराच्या तोंडाशीं मात्र जंतूंचा गोळा बसून वाट बंद होते. प्यालेलें रक्त पोटांत उतरत नाहीं. भुकेनें ती पुनःपुन्हां चावते व जखमेंत जंतु ओकते.

या जाती नुसत्या डोळ्यांनीं ओळखतां येत नाहींत. सूक्ष्मदर्शकाखालीं मादीच्या पोटांतील शुक्र सांठविण्याची पिशवी पाहतात. तिचें डोकें व शेपूट चिओपिसमध्यें जवळजवळ सारख्या रुंदीचीं असतात. ॲस्टियामध्यें डोकें शेपटीहून लहान असतें. म्हणून उंदरामागें पिसवा किती, एवढें मोजून भागत नाहीं. त्यांत चिओपिस किती, हें पाहावें लागतें. ती सरासरीनें एकाहून अधिक भरली, तर तो धोक्याचा इशारा मानतात.

ही केवळ जुनी हकीकत नव्हे. १९९४ सालीं बीड जिल्ह्यांतील मामला गांवीं उंदीर पडले, आणि मागोमाग गांठीच्या तापाचे रोगी निघाले. आज प्लेगवर औषध आहे. मात्र तें वेळेवर मिळालें पाहिजे. तेव्हां उंदीर पडूं लागल्यास त्यांस हात लावूं नका. आरोग्य खात्यास त्वरित कळवा. उरलेले उंदीर घाईनें मारूंहि नका. यजमान मेला कीं पिसू दुसरा यजमान शोधते, आणि तो आपल्या घरांतलाच असावयाचा. आधीं पिसवांचा नाश, मग उंदरांचा, हाच क्रम ध्यानांत ठेवावा.