मालकाचे लागेबांधे आणि धारवाडचा शोध

मालकाचे राजकीय लागेबांधे तपासण्याची गरज कामगार संघटनांना कायद्यामुळेच भासली. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने सामूहिक तंटा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा की नाही, हे सरकारच्या हाती ठेवले होते. मालकाचे सरकारदरबारी वजन असेल, तर तंटा तिथवर पोहोचेलच याची शाश्वती नसे. पैशाच्या हिशेबातही समानता नव्हती. संघटनेला 1926 च्या कामगार संघटना कायद्यापासून राजकीय निधी वेगळा ठेवावा लागतो आणि त्यासाठी सभासदावर सक्ती करता येत नाही. कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर मात्र 1969 मध्ये बंदी आली आणि 1985 मध्ये ती उठली.

हुबळी-धारवाड भागात या शोधाचे ठळक उदाहरण घालून दिले ते कामगार संघटनेने नव्हे, एस. आर. हिरेमठ यांच्या समाज परिवर्तन समुदाय या स्वयंसेवी संस्थेने. 1984 मध्ये कर्नाटक सरकार आणि बिर्ला समूहाची हरिहर पॉलिफायबर्स यांनी मिळून कर्नाटक पल्पवुड ही कंपनी काढली. 51 टक्के भाग सरकारचे, 49 टक्के हरिहर पॉलिफायबर्सचे. सुमारे 30,000 हेक्टर सामाईक जमीन नीलगिरीच्या लागवडीसाठी तिला मिळायची होती. म्हणजे मालक आणि सरकार यांचे नाते कुजबुजीत शोधायची गरजच नव्हती. ते करारात आणि भागभांडवलात लिहिलेले होते. कन्नड साहित्यिक शिवराम कारंत यांच्यासह समुदाय सर्वोच्च न्यायालयात गेला. 14 नोव्हेंबर 1987 रोजी कुसनूर गावी गावकऱ्यांनी नीलगिरीची रोपे उपटली आणि आपल्या उपयोगाची झाडे लावली. 1991 मध्ये कंपनी गुंडाळली गेली.

2009 मध्ये याच समुदायाने बळ्ळारीच्या खाणींविरुद्ध याचिका केली. त्या प्रकरणात, माजी मुख्यमंत्री येडियुरप्पा यांच्या कुटुंबाशी संबंधित प्रेरणा ट्रस्टला खाणकंपनीकडून मिळालेल्या देणगीची सीबीआय चौकशी न्यायालयाने 2012 मध्ये लावली. 2016 मध्ये विशेष न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले. कागदावरून संबंध दिसतो, पण गुन्हा वेगळा सिद्ध करावा लागतो. संघटनेच्या पत्रकात हा फरक पाळला नाही, तर बदनामीचा दावा ठरलेलाच.

2013 च्या कंपनी कायद्याने कंपन्यांच्या राजकीय देणगीला सरासरी नफ्याच्या 7.5 टक्क्यांची मर्यादा घातली आणि पक्षाचे नाव हिशेबात देणे भाग पाडले. 2017 मध्ये दोन्ही अटी काढल्या गेल्या, हा मोठाच अन्याय होता. 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोख्यांसह हे बदल रद्द केले. मार्चमध्ये रोख्यांचे क्रमांक जाहीर झाल्यावर कोणत्या कंपनीचा पैसा कोणत्या पक्षाकडे गेला, हे जुळवता आले. कंपन्यांच्या देणग्या गोळा करून पक्षांना देणाऱ्या इलेक्टोरल ट्रस्टमार्फत गेलेल्या देणगीचा मूळ दाता शोधायला मात्र आजही त्या ट्रस्टचा वार्षिक अहवाल उघडावा लागतो.